लेसिताच्या घरचं मीठ

“मीठ कोणी घातलं, एवढंच विचारतोय मी. दुसरं काही विचारलंय?”

“दादा, आधी जेव. निवतंय.”

“नाही जेवणार. भाजीत मीठ आहे ना? आहे. मग ते काय आपल्या पायांनी चालत पातेल्यात गेलं?”

सॉलोसीने न्सिमाचं, मक्याच्या घट्ट उकडीचं ताट ओट्याच्या कडेला सरकवलं आणि खोकायला लागला. खोकला संपेपर्यंत कोणी काही बोलत नसे, इतकी त्याची सगळ्यांना सवय झाली होती. तो खोकत असताना त्याची बहीण लेसिता हात धुवायचं भांडं धरून उभी होती. तिची भाची फानेसी चुलीपाशी उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती. आणि मी समोर माझ्या दारात शेंगा फोडत होते. आमची दोन घरं एकाच अंगणात, एकमेकांकडे तोंड करून. ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू येतंच.

“तिया, इकडे ये,” खोकला थांबल्यावर तो म्हणाला.

फानेसीची धाकटी बहीण तिया, वय वर्षं सहा, घराच्या कोपऱ्यामागून आली.

“आज मीठ तू घातलंस?”

“नाही. फानेसी मला हाकच मारत नाही,” तियाने लेसिताकडे, तिच्या मोठ्या आईकडे बघत तक्रारच सांगितली. “मोठी आई मारते. मग मला तळहातावरचं चाटायला मिळतं. फानेसी कधीच नाही मारत.”

“केव्हापासून?”

“खूप झालं. तू आलास ना, तेव्हापासून.”

सॉलोसीने लेसिताकडे बघितलं. “ऐकलंस? विहिरीवर बायका बोलतात, माझ्या बहिणीच्या पोरीचे कपडे छपराखाली वाळत असतात म्हणून. घागरीतल्या पाण्याबरोबर माझ्या घरची अब्रू भरून नेतायत. आणि ज्या दिवसांत कपडे वाळतात त्याच दिवसांत ही मला स्वतःच्या हातचं मीठ खाऊ घालतेय. तीन महिने! म्हणून माझी छाती फाटतेय.”

विहिरीवर ते बोलले होते मी.

हे सांगायलाच हवं. आमच्याकडे बाई महिन्याच्या दिवसांत असली की भाजीत मीठ घालत नाही. शिजवते, ढवळते, वाढते, पण मीठ तेवढं लहान मुलीकडून घालून घेते, नाहीतर पाळी गेलेल्या म्हातारीकडून. तसल्या हातचं मीठ पोटात गेलं की माणसाला खोकला लागतो, तो वाळत जातो, मरतो. लहान मुलाने खाल्लं तर ते आधी मरतं. त्यामुळे आमच्या अंगणात “अगं, मीठ टाकायला ये गं!” अशी हाक ऐकू आली की कोणत्या बाईचे कोणते दिवस आहेत ते शेजारच्या पाच घरांना समजतं. एप्रिलपासून फानेसीची तियाला हाक नाही. तिसऱ्या महिन्यात बायका फानेसीच्या पोटाकडे बघायला लागल्या. पाणी भरताना एक जण म्हणाली, “ती नेटबॉलचा चेंडू पकडायला उड्या मारते, तेव्हा पोटातला पण उड्या मारत असेल.” सगळ्या हसल्या. मला पोरीची दया आली. मी म्हटलं, “पोटबिट काही नाही, तोंडं सांभाळा. परवाच तिचे त्या दिवसांचे कपडे छपराखाली वाळताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत.”

पोटाचा संशय गेला. मग त्या बायकांनी दुसरा हिशेब घातला. कपडे वाळतात, हाक येत नाही, मग मीठ कोण घालतं? हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात रांगेत घागर पुढे सरकायच्या आत आलं.

“आजपासून शाळा बंद,” सॉलोसी म्हणाला. “चेंडू तर बंदच. रविवारी वैदूकडे जायचं, तो सांगेल ते औषध दोघांनी घ्यायचं. माझी छाती मोकळी होईपर्यंत ही घरात बसेल. आणि नाहीच झाली मोकळी, तर लग्न लावून देतो, दुसऱ्याच्या घरात घालू दे मीठ.”

आमच्यात मुलं मामाची असतात. बाप परका माणूस, आई राजधानीत, लिलोंग्वेत कोणाच्या तरी घरी धुणीभांडी करते, वर्षातून दोनदा येते. सॉलोसी बोलला की विषय संपला.

तरी लेसिता म्हणाली, “दादा, पुढच्या शनिवारी मॅच आहे तिची. सातच पोरी आहेत टीममध्ये.”

“तू बोलतेस?” सॉलोसी अगदी हळू म्हणाला. “मिठाने काय होतं ते तू मला विचारतेस? तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे गं?”

लेसिताने भांडं खाली ठेवलं. चुलीकडे गेली आणि फानेसीच्या थोबाडीत मारली. एकदाच. मग घरात निघून गेली.

लेसिताबद्दल सांगते. ती माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आज तिच्याकडे बघून कोणाला खरं वाटणार नाही, पण ती आमच्या शाळेची शूटर होती. नेटबॉलच्या रिंगला मागे फळी नसते. चेंडू आत जायचा तर सरळ आतच जावा लागतो. लेसिता रिंगकडे बघायचीसुद्धा नाही. हात वर, मनगट वाकलं, की आत. आम्ही पोरी ओरडायला तोंड उघडायचो तोवर ती परत जागेवर पोचलेली असायची. चौदाव्या वर्षी तिची जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली. निवड झाली त्याच आठवड्यात तिला पहिल्यांदा पाळी आली. तिला झोपडीत बसवलं, बायकांनी शिकवलं, डोकं भादरलं, तेल लावून बाहेर आणलं. जिल्ह्याची टीम तोवर निघून गेली होती. त्यानंतर कोणी तिला खेळू नको असं म्हटलं नाही. कोणी खेळ असंही म्हटलं नाही. ती मैदानाच्या कडेला उभी राहायची, मग तिथेही यायची बंद झाली. सतराव्या वर्षी लग्न झालं.

तिला मुलगी झाली. मुलगी दीड वर्षाची असताना एका दुपारी घरात मीठ घालायला लहान पोर नव्हतं. सासू शेतावर, नवरा भुकेला, ओरडत होता. लेसिताने चिमूटभर मीठ स्वतःच घातलं. दहा दिवसांनी मुलगी गोवरात गेली.

तिनेच सासूला सांगितलं. लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं, पण लेसिताला लपवता येत नाही. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, भांडीसुद्धा न देता. ती आईच्या घरी राहिली. आई गेल्यावर बहिणीच्या मुलींना सांभाळायला लागली. तिसाव्या वर्षापासून ती गावातल्या मुलींना झोपडीत बसवून शिकवायचं काम करते. हे काम करणाऱ्या बाईला आमच्याकडे नामकुंग्वी म्हणतात, तिचा शब्द मुखियासुद्धा खाली पडू देत नाही. लेसिताइतकी कडक नामकुंग्वी आमच्या बाजूला दुसरी नव्हती. मिठाचा नियम शिकवताना ती पोरींच्या जिभेवर मीठ ठेवायची आणि थुंकू द्यायची नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं की म्हणायची, “आठवण राहील.”

गेल्या जानेवारीत तिने फानेसीला तसंच शिकवलं होतं. म्हणजे मोडला तो नियम तिचा स्वतःचा होता, आणि मोडला तो तिच्याच पोरीने.

त्या दुपारी मी भांडी घासायच्या निमित्ताने त्यांच्या चुलीकडे गेले. फानेसीचा गाल लाल होता, पण ती रडत नव्हती. लेसिता समोर बसली होती.

“का केलंस?” लेसिता विचारत होती.

“तियाला हाक मारली असती तर मामाला कळलं असतं. त्या दिवसांत आखूड स्कर्ट घालून लोकांसमोर जायचं नाही, तूच शिकवलंस. फेब्रुवारीत हाक मारली, मॅच गेली. मार्चमध्ये हाक मारली, दुसरी गेली. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यांदा आली नाहीस तर दुसरी घेते. हाक मारून मॅचला सोडलं असतंस मला?”

“नाही.”

“मग?”

“मग मामाला मारायचं?”

“मला वाटलं थोडं घातलं तर काही होत नसेल.” फानेसीचा आवाज आता चिरकला. “मी अगदी थोडं घालायची, मोठी आई. म्हणून तर मामा म्हणायचा ना, भाजी अळणी आहे.”

मी हसू दाबलं. लेसिताला हसू आलं नाही.

“आणि तिथे काय होतं ते तुला माहीत नाही,” फानेसी पुढे म्हणाली. “मेमध्ये टीममधल्या एनेलेसच्या स्कर्टला लागलं. कडेला पोरं उभी असतात, ती गाणं म्हणायला लागली. शिट्टी वाजेपर्यंत म्हणत होती. सरसुद्धा हसले. एनेलेस परत आलीच नाही, शाळेतपण नाही. आमच्या वर्गातल्या पाच जणींनी अशीच सोडली. मी उडी मारताना वर बघतच नाही, खाली बघते, कापडाची घडी सरकली का ते. म्हणून माझे चेंडू चुकतात. नाहीतर चुकत नाहीत.”

लेसिताने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “भांडी आवर.”

रविवारी सॉलोसी वैदूकडे गेला, फानेसीला बरोबर घेऊन. दोघांना एकाच भोपळ्याच्या तुंब्यातलं काहीतरी काळं पाजलं. परत येताना तो तीन वेळा रस्त्याच्या कडेला बसला, असं फानेसीने मला सांगितलं. सोमवारी तो शेकत बसलेला असताना लेसिताने त्याचं अंथरूण उन्हात टाकायला काढलं. जून महिना, आमच्याकडे थंडीचा, घोंगडी दमट झाली होती. उशाला त्याची पिशवी होती, तो कामाला होता त्या तंबाखूच्या मळ्यावरून आणलेली. तिच्यात चादरीच्या घडीत दवाखान्याची वही होती.

ती माझ्याकडे आली. वही कमरेच्या कापडात खोचलेली. “डालेसी, हे वाच.”

लेसिता वाचू शकते, पण डॉक्टरांची अक्षरं आणि इंग्रजी तिला जमत नाही. मला थोडं जमतं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. क्षयरोग, थुंकी तपासली, गोळ्या सुरू. सहा महिने घ्यायच्या. दोन महिन्यांच्या खुणा होत्या, पुढची पानं कोरी.

“तारीख?”

“नोव्हेंबर. मागचा.”

तिने बोटांवर मोजलं. फानेसीला पाळी आली जानेवारीत. सॉलोसी आमच्याकडे आला एप्रिलमध्ये, तंबाखूची धूळ छातीत गेली म्हणत. तिने पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातावर.

“म्हणजे मिठाच्या आधीपासून आहे.”

“हो. तिच्या हातचं त्याने काही खायच्याही आधी.”

“आणि त्याला माहीत होतं.”

“वही त्याचीच आहे लेसिता.”

ती माझ्या उंबऱ्यावर बसली. मी शेंगांची टोपली पुढे ओढली, हाताला काहीतरी हवं म्हणून. माझी कोंबडी येऊन तिच्या पायाजवळची टरफलं टोचून गेली.

“त्या वर्षी गोवराने गावात किती पोरं गेली होती गं?” तिने विचारलं.

मला आठवत होतं. “अकरा.”

“अकरा.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “अकराच्या अकरा घरांत मीठ चुकलं होतं का?”

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. लेसिताला तिच्या नवऱ्याने आणून सोडलं, त्या दिवशी मीही इतर बायकांबरोबर दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते. मी तिच्या हातचं कितीतरी वर्षं खाल्लं नव्हतं. हे आम्ही दोघी कधीच बोललो नाही. तेव्हाही बोललो नाही.

“तेवीस वर्षं,” ती म्हणाली आणि उठून गेली.

मला वाटलं होतं ती तशीच जाऊन वही त्याच्या तोंडावर फेकेल. तिने तसं काही केलं नाही. मंगळवारी शेतावर गेली. बुधवारी तिने जुनी फलालीनची चादर फाडली, फानेसीची एक चड्डी उलटी केली, तिच्या आत दोन पट्ट्या शिवल्या आणि त्यांच्यात घडी अडकवून फानेसीला घराच्या मागे नेलं. मला बोलावलं.

“पळ,” ती म्हणाली.

“कुठे?”

“चिंचेपर्यंत. आता उडी मार. अजून उंच. ही काय उडी आहे? कोंबडीसुद्धा याहून वर जाते.”

“मोठी आई, मला खेळायला जायचंच नाहीये, मग कशाला...”

“विचारलंय कोणी तुला? उडी मार. सरकलं?”

“नाही.”

“वर बघून मार. सरकलं?”

“नाही सरकत.”

लेसिताने पुन्हा चड्डी उतरवून घेतली, एक पट्टी घट्ट केली. तिचं शिवण मला माहीत आहे. तिने टाका घातला की कापड फाटतं पण टाका सुटत नाही.

गुरुवारी दुपारी कोठाराच्या मागे ती भावाशी बोलली. मी माझ्या कोठारात होते. मुद्दाम होते, खोटं कशाला सांगू.

“गोळ्या का सोडल्यास?” लेसिताने विचारलं.

बराच वेळ नुसता खोकला. मग तो म्हणाला, “कोणी वाचून दाखवलं? डालेसीने? म्हणजे झालं, गावभर.”

“डालेसी नाही सांगणार. गोळ्या का सोडल्यास?”

“मळ्यावरच्या दवाखान्यात रांग असते. रांगेत उभं राहिलं की सगळे बघतात. क्षय म्हटलं की लोक त्याच्यापुढे एड्सही स्वतःच जोडतात. मुकादमाने माझं पाण्याचं भांडं वेगळं केलं. बायकोने माझं अंथरूण बाहेर टाकलं. आठ वर्षं तिच्या गावात राहिलो, तिचं घर शाकारलं, आणि तिने अंथरूण बाहेर टाकलं, लेसिता.”

“आहे का तो दुसरा रोग?”

“तपासलं नाही. तपासून काय करू?”

“म्हणून पोरीवर घातलंस.”

“मी कुठे घातलं? गावानेच घातलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.” त्याचा आवाज बारीक झाला. मी सॉलोसीला आयुष्यात कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. “राहू दे ना असंच. मिठाचा खोकला म्हटलं की लोक येऊन बसतात जवळ. विचारपूस करतात. माझ्या ताटाला हात लावतात. तिचं काय जातंय? पोरगीच आहे. दोन वर्षांनी खेळ तसाही सुटणारच आहे. तुझा नाही सुटला? मेलीस का तू?”

लेसिता काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझ्या पायाशी बसून लहानपणी तू जेवलीयस. मला गावासमोर उघडं करू नकोस.” आणि रडायला लागला. रडणं आणि खोकला एकत्र झाला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तेवढं मला फटीतून दिसलं.

त्या दिवशी संध्याकाळी खेळाच्या मॅडम येऊन गेल्या. अंगणात उभ्या राहूनच विचारलं, शनिवारी सात जणी होतायत का, नाहीतर नाव काढून घेते. सॉलोसी ओट्यावर होता. म्हणाला, काढा. लेसिता घरात होती, बाहेर आली नाही. मॅडम उद्या दुपारपर्यंत थांबते म्हणून गेल्या. फानेसी चुलीपाशी न्सिमा ढवळत होती. तिचा हात क्षणभरही थांबला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. चौदा वर्षांच्या पोरीला इतकं शहाणं कोणी केलं?

माझी खात्री झाली की लेसिता भावाची बाजू घेणार. मी तिच्या जागी असते तर घेतली असती. भाऊ एकच आहे, आणि त्याचे फार दिवस उरलेले नाहीत हे वही न वाचणाऱ्यालाही दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाक लेसिताने केला. वाळवलेली भोपळ्याची पानं, शेंगदाण्याचं कूट घालून. सॉलोसी ओट्यावर बसला होता, तिया त्याच्या शेजारी, फानेसी पाणी घेऊन आलेली. लेसिताने मला हाक मारली, “डालेसी, इकडे ये. जेवायला बस.” तिच्या घरी मला आमंत्रण लागत नाही, म्हणून मी हात पुसत लगेच गेले.

भाजी उकळत होती. तियाने सवयीने तळहात पुढे केला आणि मिठाच्या डब्याकडे धावली.

“बस खाली,” लेसिता म्हणाली. “तुला नाही बोलावलं.”

“पण तुझे दिवस आहेत ना? सकाळी तूच म्हणालीस—”

“हो, आहेत.”

तिने डबा उघडला, सगळ्यांच्या देखत तीन बोटांत मीठ घेतलं आणि भाजीत घातलं. ढवळलं. चमच्याने चव घेतली. थोडं कमी वाटलं म्हणून अजून घातलं. मग पहिली वाटी वाढली ती माझ्यासमोर ठेवली. थोडा रस चटईवर सांडला. सॉलोसी डोळे मोठे करून बघत होता. मी घास घेतला. गिळायच्या आधी तिच्या बोटांकडे बघितलं, खोटं का बोलू. पण गिळला.

“लेसिता,” सॉलोसी म्हणाला, “मुखियाच्या कानावर गेलं तर तुझं काम जाईल.”

“मी सकाळीच त्याच्याकडे जाऊन आले. या वर्षी ज्या पोरी बसतील त्यांना मी मिठाचं शिकवणार नाही, घडी कशी शिवायची ते शिकवणार आहे. चालत नसेल तर दुसरी बाई बघा म्हटलं. तो म्हणाला, विचार करतो. करू दे.”

“आणि माझं?”

लेसिताने त्याचं ताट वाढलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि उभीच राहिली.

“तुझी वही माझ्याकडे आहे. मी ती कोणाला दाखवणार नाही. पण गावात कोणी फानेसीच्या मिठाचं नाव काढलं, तर त्याच दिवशी विहिरीवर उभी राहून डालेसीकडून मोठ्याने वाचून घेईन. सोमवारी तू माझ्याबरोबर दवाखान्यात येशील, मी रांगेत तुझ्यापुढे उभी राहीन. मॅडमना मी निरोप पाठवलाय. उद्या फानेसी खेळायला जाईल, दिवस असोत की नसोत, आणि परवा शाळेत जाणार नाही कारण परवा रविवार आहे, सोमवारपासून जाईल. या घरात जी शिजवेल तीच मीठ घालेल. ज्याला चालणार नाही त्याने अळणी खावं.”